भाव

खरं सांगते, मला बरंच वाटलं होतं.
अठ्ठावीस वर्षांनी घरात शांतता.
कळण्याच्या भाकरीत मीठ विसरले त्या दिवशीही
आत्याबाई काही बोलल्या नाहीत,
निम्मी खाऊन उठल्या.
हे म्हणाले, निवली शेवटी आई.
फेगडे काकूंना मीही तेच सांगितलं,
निवल्या हो आमच्या.

निवलेली चूल आणि विझलेली चूल
दुरून सारख्याच दिसतात.

तक्रार होती ती गुडघ्यांची.
मग पोटात आग, मग मानेत कळ,
मग अंगातून काहीतरी वाहून गेल्यासारखं.
हे शेवटचं त्या एकदाच म्हणाल्या,
तेव्हा मिक्सर चालू होता.
भुसावळला एक्स-रे, जळगावला सोनोग्राफी,
रक्त दोनदा. सगळं नॉर्मल.
डॉक्टर म्हणाले, वय.
जाऊबाई म्हणाल्या, वय.
मीसुद्धा. फार सोयीचा शब्द,
कुठल्याही भांड्यावर बसणारं झाकण.

पहाटे तीनला ओट्यावर बसलेल्या दिसायच्या.
केळीच्या गाड्या सावद्याच्या रस्त्याने जायच्या,
उजेड तोंडावर पडायचा नि निघून जायचा,
त्या डोळेही मिटायच्या नाहीत.
म्हाताऱ्यांना झोप कमीच, असं म्हणून
मी कूस बदलायचे.

ओळखलं ते जरीना तडवीने.
सातपुड्याच्या पायथ्याहून फैजपूरच्या बाजारात
भरताची वांगी आणते ती, हिरवी, हातभर.
वीस वर्षं आत्याबाईंशी भांडून विकली.
चिरून दाखव, बी दाखव,
मागच्या खेपेचं कडू निघालं, पाच कमी कर,
वरून दोन मिरच्या टाक.
शेजारचा लसूणवाला मापं खाली ठेवून ऐकायचा.

मला बाजूला घेऊन म्हणाली,
"तुह्या सासूले काय झालं व?
चाळीसचा माल, मी पन्नास सांगतले. देले.
मंग साठ. देले.
आज मुद्दाम ऐंशी म्हनली,
त बटवा उघडून माह्यासमोर धरला,
म्हने, घे तुह्या हातानं.
माही माय अशीच झालती.
आम्ही समजलो, चांगली झाली."
पुढचं ती बोलली नाही.
वांग्यांवर पाणी मारत राहिली.

जळगावच्या नव्या डॉक्टरीणबाई माझ्या पोरीच्या वयाच्या.
गुडघ्यांना हातही लावला नाही.
विचारलं, आजी, इतक्यात कशात जीव रमला?
आत्याबाई छताच्या पंख्याकडे बघत बसल्या.
मी मध्येच, अहो, नातवाला नोकरी लागली,
पेढे वाटले,
बाईंनी हातानेच मला थांबवलं.
पंखा फिरत होता.
मग आत्याबाई म्हणाल्या,
"मले भूक लागते का नही, हेच समजत नही."
सहा महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य.
हा आजार आहे, बाई म्हणाल्या. वय नाही.
आणि बरा होणारा आहे,
हे त्या माझ्याकडे न बघता, आत्याबाईंना म्हणाल्या.

गोळी सुरू होऊन सहा आठवडे झाले.
वेणी मी घालते.
त्या नको म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत.
काही पहाटे मीही ओट्यावर जाऊन बसते.
बोलायला सुचत नाही, तेव्हा गाड्या मोजते.
परवा मी अकरा म्हटलं.
"बारा," त्या म्हणाल्या.

आणि दर बाजारी जरीना ऐंशीच सांगते.
आत्याबाई देतात.
वरचे चाळीस ती गुपचूप माझ्या हातात कोंबते.
हा आमच्या दोघींचा धंदा.

काल बोटं बटव्यात गेली
आणि तिथेच थांबली.
वांग्याकडे पाहिलं. जरीनाकडे पाहिलं.
"ऐंशी?"

मागचं गिऱ्हाईक ओरडलं, बाई, सरका की,
आम्हालाही घ्यायचंय.
"थांब ना रे," जरीना त्याला म्हणाली,
"भाव चालू हाये."