बंद गळा

बंद गळा, तेरा इंच.
कौसाबाईंचं माप वहीत अठरा वर्षं तेच.
काजं करायला यायच्या माझ्याकडं,
थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी.
"आपलेच राखणदार आपलीच गाठ खातेत गं,"
सुईत दोरा ओवत हसायच्या.

पोळ्याला साडेतेरा.
दसऱ्याला पंधरा. आवाज घोगरा,
चहाचा घोट उतरंना.

अंबाजोगाईला तुकडा काढला.
डॉक्टरीणबाई म्हणल्या,
गाठीत ठाण मांडून बसलेल्या त्या पेशी
बसल्या जागी माजल्या, इतक्या वर्षांनी.
कॅन्सरच. पण औषधाला विरघळतो बऱ्याचदा.

तेरा खोडलं नाही मी.
शेजारी पेन्सिलीनं पंधरा लिहिलं.

तिसऱ्या सलाइननंतर टेप लावला:
चौदाला दोरा कमी.
कापड बेतताना त्या एवढंच म्हणल्या,
"आत माया ठेव.
काय सांगावं."