सातवा डबा

घणसोलीच्या खाडीकडेला आमचा पार्क.
मार्चअखेर. सीए म्हणाला,
बेअरिंग अजून एक सीझन काढतील,
लाकडी घोड्यांचा रंग पुढच्या वर्षी,
पॉपकॉर्नचं पाकीट जरा अरुंद करा.
घोड्यांवर, पाकिटांवर सही केली.
बेअरिंगपाशी पेन अडलं.

सकाळी सातला हसुराम फिटर
रिकामा आकाशपाळणा फिरवतो,
खांबाला कान लावून उभा,
शेजारचं भांडण ऐकावं तसा.
"सातव्या डब्यात कुरकुर आहे, मॅडम."
मला काहीच ऐकू आलं नाही.
तुर्भ्याच्या कोटेशनचा आकडा
तेवढा ऐकू आला.

रविवारी सातवा डबा
साखळी लावून रिकामाच फिरला.
रांग गेटबाहेर.
एका पोरानं विचारलं,
त्यात कोण बसलंय?
हसुराम ग्रीस पुसत म्हणाला,
आज शेठाणी.