पाण्याचा रकाना

तक्ता मी केला होता बाणेरला, अकराव्या मजल्यावर,
रात्री दीड वाजता, एसी बंद ठेवून, तत्त्व म्हणून.
उभे रकाने : हवा, पाणी, कचरा, सायकलचं अंतर,
भाजी किती लांबून येते.
आडवी सात शहरं.
कोल्हापूर, शंभरपैकी एकाहत्तर.
कौस्तुभ म्हणाला, डिस्टिंक्शन नाही,
पण पास आहे. चला.

सामानाच्या ट्रकने किती डिझेल जाळलं
ते मी विचारलं नाही.
गांडुळांची पेटी मात्र मांडीवर घेऊन आले,
कात्रजपासून किणीच्या नाक्यापर्यंत आणि पुढे,
वर ओलं गोणपाट.
शाल्मली सारखी विचारत होती,
ह्यांना गाडी लागते का?

शुक्रवार पेठ. घाटाकडे उतरणारी गल्ली.
आम्ही तळमजल्यावर, मालक वर.
बाळासो मगदूम पेटीत डोकावले :
"काय ओ ताई, किडं पाळताय व्हय?"
त्यांच्या परसातल्या बंबात पहाटे पेटायचे
बिस्किटांचे कागद, फुटक्या बादलीचा कान,
गेल्या वर्षीच्या चकचकीत लग्नपत्रिका.
धूर सरळ माझ्या पहिल्या रकान्यात.
मी समजावलं. विषारी वायूंची नावं सांगितली.
ते म्हणाले, "पाणी तापतंय की पण."

गंगावेशीत म्हशी आपल्या पायांनी येतात
आणि दूध फेसासकट पेल्यात पडतं.
कासेपासून पेल्यापर्यंत प्रवास : दीड हात.
त्या रात्री मी दोन गुण वाढवले.
दुसऱ्या दिवशी पंचगंगेवर गेले,
जलपर्णीखाली नदी शोधली,
आणि चार कमी केले.

महिन्याभरात शाल्मली म्हणाली,
"आई, मी खेळायला जातो."
गल्लीतल्या सगळ्या मुली जातो, येतो, बसतो.
मी दुरुस्त करायला तोंड उघडलं
तोवर ती कोपऱ्यावर.

मग जुलै संपत आला आणि माणसं
फुटांत बोलू लागली.
कशी आहे तब्येत, असं कुणी विचारेना.
बंधाऱ्यावर किती? एकोणचाळीस.
दुपारी एक्केचाळीस.
त्रेचाळीसला बाळासो आणि त्यांचे दोन मुलगे
न विचारता आत आले.
कौस्तुभने टीव्हीची वायर काढायला घेतली.
"ते ऱ्हाऊ द्या," बाळासो म्हणाले,
"आधी गांडुळं. टीव्ही काय बुडून मरत न्हाई."

पाच दिवस वरच्या खोलीत
नऊ माणसं, एक पेटी, मेणबत्त्या.
बंब पेटला नाही, हवा अगदी स्वच्छ.
होडीतून प्लास्टिकच्या बाटल्या आल्या,
ज्यांना मी तीन वर्षं हात लावला नव्हता.
मोजून चौदा प्यायलो आम्ही.
झाकणं शाल्मलीने ओळीत लावली, सोंगट्या म्हणून.

पाणी उतरलं तेव्हा रेघ माझ्या कोपरापाशी होती.
बाळासोंनी कोळशाने तिच्यावर तारीख घातली.
मग बोटाने वरचा चुना खरवडला :
माझ्या डोक्याच्याही वर
आणखी एक रेघ, जुनी, नीट झाकलेली.
"सांगितलं असतं तर आला असता व्हय?"

मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.
दोन दिवस चिखल उपसला, त्यांचाही, आमचाही.
गांडुळं जिवंत होती, थोडी सुस्त.

आज पहाटे बंब पुन्हा पेटला.
मी खिडकी लावली, तक्ता उघडला,
पाण्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
रेष नुसती लुकलुकत राहिली.
शाल्मलीने ओट्याखालून करवंट्या गोळा केल्या,
फ्रॉकच्या ओच्यात धरल्या,
"आजोबांस्नी जाळायला देऊन येतो," म्हणाली.

ये, म्हणाले. लवकर ये.