अकरा हजार चारशे सहा

मीटरवर अकरा हजार चारशे सहा.
चाळीस वर्षांत एवढेच किलोमीटर.
मी विश्वास ठेवला नाही.
पेडलचं रबर पाहिलं,
सीटची ती कड पाहिली, माणूस चढता-उतरता घासतो तिथली,
एक नळी सोडवून टर्बोचा पंखा बोटाने हलवून पाहिला.
काहीच खोटं नव्हतं.

गावाचं नाव उउसिकाउपुंकी, म्हणजे नवं शहर.
चारशे वर्षं झाली, अजून नवंच म्हणतात.

आउलिक्की काठी टेकून दारात उभी.
"ओइवाने घेतली त्र्याऐंशी साली.
कारखान्यात दारं बसवायचा माझा भाऊ, ह्याच गाड्यांची.
पुढच्या वर्षी डिसेंबरात त्याला फिट आली,
भर दुपारी, ब्रेडच्या रांगेत.
डॉक्टरांनी लायसन काढून घेतलं."
एवढं सांगून तिने नाक पुसलं. थंडी होती.

मग काय करायचे ते?
"बसायचा. शनिवारी, सॉनानंतर, ओल्या केसांनी.
रेडिओवर आइस हॉकी ऐकायचा.
मे महिन्यात इंजिन सुरू करायचा,
दहा मिनिटं, दार सताड उघडं ठेवून.
मी शेजारी.
समोर भिंत."

तेन्हो फोनवर म्हणाला, बोल्टसुद्धा बदलू नकोस,
अशी दुसरी सापडायची नाही, जुनं ते सोनं.
माझा भाचा रास्मुस म्हणाला,
मोठा टर्बो, जाड एक्झॉस्ट, गाडी दोन इंच खाली,
नाहीतर घ्यायची तरी कशाला, आत्या?
दोघांनाही मी हो म्हटलं.
अठरा वर्षं मी जहाजांच्या पोटात काढली आहेत.
जे चालत नाही ते बिघडतं, हे मला ठाऊक आहे.
आणि एकदा उघडलेलं
पुन्हा पहिल्यासारखं मिटत नाही, हेही.

चाकं मी माझी आणली होती,
तिची टायरं टोस्टसारखी झालेली.
म्हणजे पहिला बदल
सौदा ठरायच्या आधीच झाला.

आउलिक्की शेजारी बसली, मांडीवर पर्स.
बंदराच्या रस्त्याला लागलो.
तीन हजार फेऱ्यांपर्यंत गाडी नुसती ऐकून घेत होती,
हातचं राखून बोलणाऱ्या माणसासारखी.
मग आत कुठेतरी बारीक शीळ,
आणि पाठीवर कुणीतरी तळवा ठेवला,
ढकलला,
काठाचे बर्च एकमेकांत मिसळले.
आउलिक्कीने पर्स घट्ट धरली.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"असं असतं होय हे?"

परत आल्यावर किल्ली निघेना.
"रिव्हर्स टाक," ती म्हणाली,
"मागे जायचा गिअर टाकल्याशिवाय सोडत नाही ती."
तेवढं तिला पाठ होतं.

पैसे मोजून झाले.
"तो खोकाही ने," तिने काठीने फळीकडे दाखवलं,
"त्याचाच आहे. मी कधी उघडला नाही."
चाकू लागलाच नाही,
चिकटपट्टी बोट लावताच पापुद्र्यासारखी गळली.
आत तेलकट कागदात इंटरकूलर, कोरा,
गाडीत कंपनीने न दिलेला.
पावती चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरची.
खाली घडी घातलेलं चित्र, पेन्सिलीचं:
कुठे कापायचं, कुठे वळवायचं,
मापं मिलिमीटरमध्ये, आकडे नेटके,
कोपऱ्यात कॉफीच्या कपाचं अर्धं वर्तुळ.

तेन्होला काय सांगू?
ज्या गाडीला हात लावू नकोस म्हणतोस
तिला हात लागता लागता राहिला होता,
एका महिन्याने.

आउलिक्की आत कॉफी ठेवायला गेली.
मी चित्र बॉनेटवर पसरलं,
नळीमागून नळी बोटाने फिरत गेले,
दुसऱ्या वळणावर थांबले.
इथे बॅटरीला घासेल, ओइवा.

खिशात चाचपलं.
पेन होतं, पेन्सिलही होती.
मी पेन्सिल काढली.