खिळ्यावरच्या रिंगा

कसालच्या तिठ्यावरून मालवणकडे वळलं
की दुसऱ्या वळणावर यार्ड. पाटी नाही.
पत्र्याखाली एक पोकलेन, पाणी प्यायला वाकलेला
आणि तसाच राहिलेला.

लवू मेस्त्रींनी माझं सर्टिफिकेट वाचलं,
आयटीआय, डिझेल मेकॅनिक, प्रथम श्रेणी.
आधी हात पुसले होते. घडी मोडली तशीच घातली,
परत दिलं. म्हणाले, "ट्रे घे. नट धुव."

तीन आठवडे नट धुतले.
रॉकेलचा डबा, दात घासायचा जुना ब्रश,
सतरा, एकोणीस, चोवीस,
ज्याचा नट त्याच्याच बोल्टाला.
एसटीत बाजूची बाई सरकून बसायची.
आई म्हणाली, तुझ्या हातांना
आता मासळीचा वास येत नाही गो.
तक्रार होती की काय, कळलं नाही.

बाबांची लाँच सर्जेकोटला. सहा सिलिंडर.
लहानपणी मी अंधारात, अंथरुणातूनच सांगायचे,
आपली शिरली बंदरात.
ही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट आहे
असं कधी वाटलं नव्हतं.
मेस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हर हातात दिला,
टोक इंजेक्टरवर, मूठ कानामागच्या हाडावर.
"काय आयकाक येता?"
म्हटलं, चौथा मागे राहतोय,
नवशिक्याच्या वल्ह्यासारखा.
ते बोलले नाहीत. चौथा खोलला.

लाइनीत हवा राहिली की मशीन गप्प.
नट अर्धा फेरा सैल करायचा,
अंगठ्याने पंप मारत राहायचं,
फेस येतो, फुटतो, पुन्हा येतो,
आणि मग एकसंध धार.
तेव्हा आवळायचं. आधी नाही, नंतर नाही.
एवढ्याशाला मला तेरा दिवस लागले.

मग आडवलीच्या चिरेखाणीवर एकटीला पाठवलं.
ऑइल आणि फिल्टर. साधं काम.
ऑपरेटर शिवप्पा, बागलकोटचा,
पापण्यांपर्यंत लाल धूळ.
जुना फिल्टर काढला, नवा हाताने बसवला,
वर पाऊण फेरा, पुस्तकात आहे तसा.
चावी फिरवली.
दहा-बारा सेकंद सगळं बरोबर होतं.

नव्या तेलाचा रंग मधाचा.
ताज्या कापलेल्या चिऱ्यावर तो पसरतो
तेव्हा सुंदर दिसतो,
हेही मला त्याच वेळी कळलं.
शिवप्पा कन्नडमध्ये काहीतरी ओरडला,
मशीन बंद केलं,
आणि मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला दिलं.

मेस्त्री चाळीस मिनिटांनी आले, बाइकवर.
तेलाकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही.
"जुनी खंय आसा?"

जुनी रबराची रिंग.
फिल्टरबरोबर निघालीच नव्हती,
वर सीटला चिकटून होती, काळ्यावर काळी,
आणि मी नवी तिच्यावर चढवली.
त्यांनी नखाने सोलून काढली,
माझ्या तळव्यावर ठेवली, भुशाचं पोतं दाखवलं.
तेलाचे पैसे पगारातून कापले, अर्धे.
उरलेले कुणी भरले, ते मी विचारलं नाही.

यार्डात चार्जरच्या वर एक खिळा आहे.
त्यावर रबराच्या रिंगा. रोज दिसायच्या,
मला वाटायचं, भंगार.
"घाल थंय," म्हणाले, आणि चहा आणायला गेले.
मी मोजल्या. माझी धरून चौदा.
त्यांच्या हाताखालून गेलेले मला ठाऊक आहेत,
एक मस्कतला, दोघे लोट्याला,
एकाने कुडाळात स्वतःचं टाकलंय,
बाकीचे धरून, मी धरून, नऊ.
तळातली रिंग वाळून तडकली आहे.
त्या मापाचं मशीन मी अजून पाहिलेलं नाही.

सोमवारी ग्रेडर येतोय. ट्रे धुऊन ठेवलाय.
आता नवा फिल्टर लावायच्या आधी
मी सीटवरून बोट फिरवते, पुन्हा एकदा फिरवते.
काल पाहिलं, मेस्त्रीही फिरवतात.
तीनदा.