दहावं पान

कॅफे बंद झाला त्याला दोन हिवाळे झाले.
टेबल कुणी नेलं माहीत नाही. पत्ते ओदीलियाकडे आहेत.
चाळीसातला चौकट गुलाम तेव्हाही नव्हताच,
त्याच्या जागी सार्डिनच्या डब्याचं लेबल चालायचं.

आता बेलार्मिनो इथे, फ्लोरेस बेटावर, बोटींची इंजिनं उघडत;
ओदीलिया त्याच्या भिंतीपलीकडे;
तिओतोनियु, खुबा बदलल्यापासून, आंग्राच्या वृद्धाश्रमात;
आणि अमान्सियु समुद्रापार फॉल रिव्हरला,
जिथे वाचनालयात एक तास कॉम्प्युटर मिळतो,
फुकट, पण एकच तास.

मला म्हणाले, इल्दा, तू पोस्टात मशीनवर बसतेस,
आमचा डाव तेवढा मांडून दे.

तेवढा!
ओदीलियाच्या टॅबचा ब्राउझर इतका जुना
की खेळ उघडला की नुसतं पांढरं.
रात्री अपडेट लावून गेले. वाऱ्यानं दोनदा नेट पाडलं.
सकाळी एक्क्याऐंशी टक्के, आणि टॅबवर क्रोशाचा रुमाल.
‘तापलं होतं गं, म्हणून झाकलं.’

तिओतोनियुला फोनवर:
वर कोपऱ्यात तीन रेघा दिसतात?
‘तीन ठिपके दिसतात.’
तेच ते.
‘तेच कसं? ठिपका म्हणजे ठिपका, रेघ म्हणजे रेघ.’
चाळीस वर्षं मास्तर होता. मी हरले.

अमान्सियुनं लिंक कागदावर उतरवून घेतली.
मधलं एक अक्षर शून्य की ओ,
त्यात त्याचा सोमवार गेला.

मंगळवारी, आमचे आठ, त्याचे दुपारचे चार,
पत्ते पिसले गेले. आवाज नाही, कापायला हात नाही,
चौघांपुढे दहा-दहा पानं आणि हुकूम बदाम.
मी ओदीलियाच्या खुर्चीमागे उभी.
ती टॅबकडे बघून डावा डोळा मिचकावत होती:
म्हणजे एक्का आहे.
आंग्रात तिचा भिडू तिओतोनियु
कान खाजवत असणार: म्हणजे कळलं.
(नर्सनं नंतर त्याचा कान तपासला.)

नऊ हात झाले. मग सगळं थांबलं.
बेलार्मिनोच्या नावाभोवती पिवळी चौकट लुकलुकत राहिली.
ओदीलिया म्हणाली, झोपला मेला.
फॉल रिव्हरच्या तासातली सात मिनिटं उरलेली.

मी कुंपणावरून उडी मारून गेले.
बेलार्मिनो मोबाइल उभा धरून बसलेला, अगदी शांत.
‘माझी संपली पानं,’ म्हणाला. ‘मला नऊच आली होती.’
मग बोलला का नाहीस?
‘वाटलं, मशीनचा काही हिशेब असेल.
शिवाय नवीन माणसानं पहिल्याच डावात तक्रार करू नये.’

मी त्याच्या हातातला मोबाइल आडवा केला.
स्क्रीन क्षणभर काळी झाली, अंग चोरून फिरली,
आणि उजव्या कडेला, इतका वेळ काठाबाहेर राहिलेली,
बदामाची सत्ती.

आमच्या खेळात सत्ती राजाच्या डोक्यावर बसते,
हे मला तुम्हाला सांगायला हवं,
त्याला नको होतं.
त्यानं आधी चष्मा पुसला.
मग मूठ वर नेली, कॅफेत न्यायचा तशी,
मी ‘हळू!’ म्हणेपर्यंत
मधल्या बोटाचं पेर काचेवर आदळलं.

काचेला एक केस गेला.
पान पडलं.
फॉल रिव्हरहून अमान्सियुनं
त्याला जमणारं एकमेव चित्र पाठवलं, चुकून, एक टरबूज.

आणि भिंतीपलीकडून ओदीलियाची शिवी आली,
पूर्ण, जुनी, तिच्या बापाच्या बोटीवरची,
कुठल्याही जोडणीशिवाय.

उद्या बेलार्मिनोसाठी जाड काच मागवायची आहे.
आणि टरबूज कुठल्या बटणात आहे ते
तिओतोनियुला हवंय.