चौदा नंबरचा माग

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, पत्र्याखालचा मजला.
कूलर आहे, त्यात पाणी नाही.
परदेशच्या गिऱ्हाइकाला टॉवेलांची यादी
त्याच्या यंत्राला कळेल अशी हवी आहे,
म्हणून यादीआधी मी स्कीमा लिहिते :
टॉवेल कशाला म्हणायचं,
कशाला नाही.

रंग बदलू शकतो. आठ नावं देते, नववं चालणार नाही.
वजन बदलू शकतं, तीनशेपासून सहाशेपर्यंत.
झालर न लिहिल्यास ‘नाही’ समजावे.
रुंदी लिहिलीच पाहिजे.
आणि गाव : सोलापूर. फिक्स्ड.

फिक्स्डची गंमत अशी, की
तुम्ही लिहिलं नाहीत तरी ते असतंच,
वाचणारा आपलं आपण भरून घेतो.
लिहिलंत तर मात्र अक्षरन्‌अक्षर तेच.
पू ऱ्हस्व पडला
तरी अख्खी यादी परत.

डिफॉल्टचा स्वभाव गरीब.
तुम्ही बोललात की ते उठून जागा देतं.
एका ॲट्रिब्यूटला दोन्ही लावता येत नाहीत,
एक तर हट्ट धरा, नाहीतर सोय बघा.

पहिलीच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकाना होता.
घरात तेलुगू, किराणावाल्याशी कन्नड,
आणि बाई विचारत होत्या ते मराठीत.
मी गप्प राहिले.
रकाना भरला गेला.

रात्री विडी घरकुलात
आईच्या सुपात कापलेली पानं,
अप्पांच्या ताटात भाकरी, शेंगाचटणी.
‘काय करलालीस गं, जेवायचं सोडून?’
मी सांगते. सोपं करून सांगते :
अप्पा, तुमचा ताणा म्हणजे फिक्स्ड,
बीमवर चढला की हलायचं नाव नाही.
बाणा म्हणजे बाकीचं सगळं,
कांडी बदलली की रंग बदलला.
माझी उपमा मलाच आवडते.

अप्पा घास खाली ठेवतात.
‘कुणी सांगितलं ताणा हलत नाही म्हणून?
टेरीला दोन ताणे असतात.
एक ताठ, एक सैल.
सैल सोडतो म्हणून तर वर लूप उठतो,
नाहीतर तुझा टॉवेल म्हणजे चादरच की.
आणि बीम संपतो.
मग जुन्या टोकाला नवं टोक,
अडीच हजार गाठी,
एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं रेवणसिद्ध,
पाणी प्यायला उठलं तर मोजणी जाते.
गिऱ्हाइकाला वाटतं, सलग एकच कापड आहे.
वाटू दे.’
आणि चटणीत तेल कमी पडलं म्हणून
आईकडे बघतात.

सकाळी मी एक ॲट्रिब्यूट वाढवलं : विणणारा.
ऐच्छिक ठेवलं.
डिफॉल्ट दिलं नाही,
गप्प बसलेल्या माणसाच्या जागी
कुणाचं नाव गृहीत धरू?

दुपारी तिकडून दोन ओळी आल्या :
आमच्याकडे असा रकाना नाही, काढून टाका.
काढला. मालकांनीही मान हलवली,
तीही बहुधा कूलरकडे बघून.

पण कॉमेंट लिहायला कुणाची हरकत नसते.
यंत्र ती ओळ ओलांडून पुढे जातं,
दारातल्या रांगोळीवरून माणूस जातो तसं,
फक्त पुसत नाही.
तिथं टाकलं : माग चौदा, बीम बदलला गुरुवारी,
गाठी नरसय्या येमूल, रेवणसिद्ध कोरे.

तपासणी चालवली. चुका शून्य.
गाव आपोआप भरलं गेलं,
चारशे बारा वेळा सोलापूर, मी एकदाही न लिहिता.

खालचा खडखडाट मला झोपेतही ओळखू येतो.
आत्ता त्यात एक आवाज कमी आहे.
चौदा नंबर बंद आहे.
म्हणजे दोघं वाकलेले असतील,
आणि मोजत असतील, मनात,
कोण कुठल्या भाषेत, ते मी कधी विचारलेलं नाही.